कॅसेट भरून घेताना

भडगाव, पाचोरा, चाळीसगावसारख्या तालुक्याच्या गावांत १९८०–९०च्या दशकांत गाण्यांची यादी वहीच्या कागदावर लिहून दुकानात दिली जाई आणि कोरी कॅसेट भरून घेतली जाई. सी-६० कॅसेटची एक बाजू ३० मिनिटांची. साडेतीन मिनिटांचं गाणं धरलं तर आठ गाणी बसत आणि दोनेक मिनिटं उरत. नववं कोंबलं की ते कडव्यातच तुटे. सी-९० मध्ये जागा जास्त, पण फीत पातळ, गुंतण्याची भीती मोठी. मित्राची कॅसेट ऐकताना खरी पारख क्रमाची होई: लागोपाठ एकच आवाज का, विरहगीतानंतर लगेच कव्वाली कशाला? ही चिकित्सा फार मोलाची, कारण ती गाणं पुन्हा ऐकायला लावी.

क्रम पारखण्याची ही सवय रेडिओनेही लावली होती. रेडिओ सिलोनवर १९५२ मध्ये सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाला’त अमीन सयानी गाण्यांची क्रमवारी सांगत, आणि ती ठरवण्यात श्रोता संघांच्या पसंतीलाही स्थान होतं.

यादी मनासारखी जमली की कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडायचे, म्हणजे त्यावर दुसरं काही भरलं जात नसे. मत बदललंच, तर त्या खाचांवर चिकटपट्टी लावायची.