लेन्स बदलली आणि कॅमेरा रुसला

बेंगळुरूच्या लालबागेत प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास पुष्पप्रदर्शन भरतं. समजा, तुम्ही घरच्यांबरोबर तिथे गेला आहात. काचघराचा पूर्ण देखावा छोट्या लेन्सने टिपलात आणि एका गुलाबाच्या जवळ जायचं म्हणून झूम लेन्स चढवलीत. बटण दाबलं, तर फोटोच निघेना. स्क्रीनवर ‘एरर 01’ किंवा नुसतंच ‘एफ’पुढे दोन रेघा. मागे रांग ढकलतेय, मुलं विचारतायत ‘काय झालं?’ आणि तुमच्या डोळ्यांपुढे पाच आकडी बिल नाचायला लागलंय.

थोडं थांबा. लेन्स बदलल्या क्षणी बंद पडलेला कॅमेरा बहुतेक वेळा मेलेला नसतो. लेन्स म्हणजे नुसती काच नव्हे. तिच्या पोटात छोटा संगणक असतो, फोकसची मोटर असते, उजेड कमीजास्त करणाऱ्या पात्यांची यंत्रणा असते. ही सगळी मंडळी कॅमेऱ्याशी बोलतात ती मागच्या कड्यावरच्या चिमुकल्या सोनेरी पिनांमधून. कॅननने १९८७ साली ईएफ माउंट आणला, तेव्हापासून त्यांच्याकडे हे बोलणं पूर्णपणे विजेवर चालतं. बोलणं तुटलं की कॅमेरा हटून बसतो. तेव्हा पहिला संशय घ्यायचा तो या सांध्यावर.

सुरुवात सोपी. कॅमेरा बंद करा, बॅटरी काढून मिनिटभराने परत घाला. बॅटरी अर्धी उतरलेली असेल तर भरलेली घाला, कारण मोठ्या लेन्सची मोटर आणि हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी यंत्रणा छोट्या लेन्सपेक्षा जास्त वीज खाते. मग लेन्स नीट बसली आहे का ते पाहा. खुणेचे ठिपके जुळवून ‘खट्’ असा आवाज येईपर्यंत ती फिरली पाहिजे. आवाज आला नसेल तर ती अर्धवटच अडकलेली आहे. समोरून पाहिलं तर कॅननची लेन्स घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने चढते आणि निकॉनची उलट्या दिशेने. दोन्ही कॅमेरे असलेल्या घरात ही चूक हमखास होते. आणि हो, फिरत नाही म्हणून जोर लावायचा नाही.

‘एरर 01’चा अर्थच मुळी लेन्स आणि कॅमेरा यांचं संभाषण बिघडलं असा आहे. तेव्हा पिना पुसा. बोटांचा घाम आणि बेंगळुरूच्या रस्त्यांवरची बारीक धूळ या दोघांचा मिळून पातळ थर त्यांच्यावर चढतो. चष्मा पुसायचं स्वच्छ, कोरडं कापड पुरतं. डाग चिवट असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने जेमतेम ओलसर केलेला कापसाचा बोळा लेन्सच्या पिनांवर फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. काही लोक शाळेचा खोडरबर घासतात. माझं मत विचाराल तर नको, कारण मुलामा झिजतो आणि रबराचे कण थेट कॅमेऱ्याच्या पोटात जातात. तोंडाने फुंकरही मारू नका, थुंकीचे तुषार उडतात. रबरी ब्लोअर वापरा. आतल्या आरशाला आणि शटरच्या पडद्याला बोट लागता कामा नये. तो पडदा इतका नाजूक असतो की साध्या स्पर्शानेही वाकतो, आणि मग खरोखरच मोठा खर्च येतो.

एवढं करूनही गाडी अडली, तर खरं निदान सुरू होतं. त्यासाठी तीनच प्रश्न आहेत.

जुनी लेन्स परत लावल्यावर कॅमेरा चालतो का? चालत असेल तर कॅमेरा ठीक आहे, दोष नव्या लेन्सकडे किंवा त्या दोघांच्या जोडीकडे आहे. जुनीही चालत नसेल, तर लेन्स काढून, तोंड खाली धरून, मॅन्युअल मोडवर एकदा बटण दाबा. बहुतेक डीएसएलआर कॅमेरे लेन्सशिवायही फोटो काढतात. मिररलेसमध्ये मात्र ‘लेन्सशिवाय शटर’ हा पर्याय आधी मेन्यूत चालू करावा लागतो. शटर नेहमीसारखं वाजलं तर त्याची यंत्रणा बहुधा शाबूत आहे आणि गडबड पिनांपाशी आहे.

दुसरा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, पण तोच सगळ्यात उपयोगी. लेन्स पूर्ण उघडी असताना, म्हणजे सगळ्यात लहान एफ आकड्यावर, फोटो निघतो का? आणि एफ/८ वर? उघडी असताना निघतो आणि एफ/८ वर एरर येते, असं झालं तर पात्यांची यंत्रणा किंवा तिच्याकडे जाणारी पट्टीसारखी पातळ वायर गेलेली असते. १८-५५सारख्या किट लेन्सच्या बाबतीत हे वरचेवर दिसतं. झूम करताना ती वायर पुन्हा पुन्हा दुमडते आणि शेवटी तडकते. एका ठरावीक झूमवरच एरर येत असेल तर संशय पक्का समजा. दुरुस्ती होते, पण किट लेन्सच्या बाबतीत वापरलेली दुसरी घेणं अनेकदा स्वस्त पडतं. दुकानदाराने ‘कॅमेरा ठेवून जा, बघतो’ म्हटलं तर आधी ही चाचणी त्याच्यासमोर करून दाखवा. दोष कशात आहे हे तुम्हाला माहीत असलं की कॅमेऱ्याच्या नावावर बिल फाडलं जात नाही.

तिसरा प्रश्न : ही लेन्स या कॅमेऱ्यासाठीच आहे ना? निकॉनवाल्यांच्या घरात हा हमखास निघतो. त्यांचा एफ माउंट १९५९ सालचा, म्हणून बाबांच्या फिल्म कॅमेऱ्याची लेन्स मुलीच्या डी३५००वर छान बसते. पण एएफ ५० एमएम १.८डी लावली की ‘एफईई’ लुकलुकतं. बिघाड काहीच नाही. लेन्सवरची गोल कडी एफ/२२ वर नेऊन लॉक करायची, की झालं. फोकस मात्र हातानेच करावा लागेल, कारण तिला फिरवणारी मोटर डी३५००मध्ये नाही. डी७००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत ती असते. वडिलांची लेन्स भंगार म्हणून काढण्याआधी एवढं एकदा तपासाच. सिग्मा, टॅमरॉनच्या जुन्या लेन्स नवीन कॅमेऱ्यावर अडखळल्या तर त्यांचं फर्मवेअर अद्ययावत करून घ्यावं लागतं.

बेंगळुरूत सुटीपुरती लेन्स भाड्याने घेऊन रंगनथिट्टूला पक्षी टिपायला जाणारे खूप आहेत. अशी लेन्स दुकानातच, आपल्या कॅमेऱ्यावर, दोन-तीन एफ आकड्यांवर आणि झूमच्या दोन्ही टोकांना तपासून घ्या. अनामत रक्कम त्यावर अवलंबून असते. नंदी हिल्सवर पहाटेच्या धुक्यात लेन्स बदलायची वेळ आली तर गाडीत बसून बदला, पण एसी बंद करून. एसीत गारठलेला कॅमेरा दमट हवेत उघडला की पिनांवर आणि काचेवर दव धरतं. तसं झालंच तर कॅमेरा बंद करून बॅटरी काढा आणि वाळू द्या. हेअर ड्रायर नको.

या सगळ्या खटपटीआधी एक काम मात्र करा. कॅमेरा बंद करून मेमरी कार्ड काढा आणि खिशात ठेवा. दुरुस्तीला देतानाही कार्ड, बॅटरी आणि पट्टा घरीच राहू द्या, आणि पावतीवर कॅमेऱ्याचा व लेन्सचा असे दोन्ही सीरियल नंबर लिहून घ्या.