परदेशांतील सेवावर्ष : त्याची तयारी व द्रव्यसंग्रह

परदेशांत जाऊन एक वर्ष विनावेतन सेवा करावी, अशी इच्छा एखाद्या शेतकऱ्याच्या शिकलेल्या मुलास किंवा मुलीस होते. शेतकीचा पदवीधर दूरच्या खेड्यांत जलसंधारणाचें काम करूं इच्छितो. परिचारिका झालेली मुलगी निर्वासितांच्या छावणींत जाऊं म्हणते. अशा वेळीं घरांत पहिला प्रश्न निघतो तो पैशाचा. दुसरा प्रश्न निघावयास पाहिजे, पण तो बहुधा निघत नाहीं. तो असा कीं, या माणसावांचून वर्षभर घर कसें चालणार? या दोन्ही प्रश्नांचा विचार करतांना आपल्याच प्रांतांतील एक उदाहरण डोळ्यांपुढें ठेवणें उपयुक्त होईल.

जुलै १९३७ मध्यें जपाननें चीनवर मोठी चढाई सुरू केली. त्याच वर्षाच्या अखेरीस चिनी आठव्या मार्ग-सेनेचे सेनापति चू तेह यांनीं पंडित जवाहरलाल नेहरू यांस पत्र लिहून डॉक्टर व औषधें यांची मागणी केली. १९३८ सालीं सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनीं लोकांस जाहीर विनंती केली आणि ७ ते ९ जुलै हे तीन दिवस चीन-निधीसाठीं ठरवून दिले. जमलेली रक्कम सुमारें २२,००० रुपये होती. ज्या दशकांत जागतिक मंदीनें शेतमालाचे भाव कोसळले होते, त्या दशकांतील ही वर्गणी आहे, हें शेतकऱ्यांस निराळें सांगावयास नको.

या द्रव्यसंग्रहाची रीत ध्यानांत घेण्याजोगी आहे. पैसा कशासाठीं, तो किती दिवसांत जमवावयाचा आणि मागणारा कोण, या तीनही गोष्टी देणारास आधीं ठाऊक होत्या. मोघम वर्गणी मागितली म्हणजे देणारा एकदां भिडेखातर देतो व दुसऱ्यांदा दार लावून घेतो. काम, मुदत व जबाबदार माणूस हीं तीन नांवें सांगतां आलीं तर थोडक्यांत असलेलाही आपला वांटा उचलतो.

पथकाची निवडही विचारपूर्वक झाली. अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल हे प्रमुख. त्यांनीं पूर्वी स्पेनमधील यादवी युद्धांत रुग्णसेवा केली होती. नागपूरचे डॉ. चोळकर वयानें वडील. कलकत्त्याचे डॉ. देबेश मुखर्जी व डॉ. बिजयकुमार बसू, आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे तरुण. आधीं निवडलेल्या एका डॉक्टरास सरकारनें पारपत्र नाकारलें, तेव्हां त्यांच्या जागीं बसू यांस घ्यावें लागलें. माणूस तयार, पैसा तयार, पण कागद तयार नाहीं, ही अडचण तेव्हांही होती. ता. १ सप्टेंबर १९३८ रोजीं पथक मुंबईहून बोटीनें निघालें व फेब्रुवारी १९३९ मध्यें येनान येथें पोंचलें. म्हणजे सेवेचें मुख्य ठाणें गांठण्यासच पांच महिन्यांहून अधिक काळ लागला. वर्षाचा हिशेब करणारानें वाटेंत जाणारे दिवसही त्यांत धरले पाहिजेत.

पांचही जणांची सेवा सारख्या काळाची झाली नाहीं. मुखर्जी व चोळकर १९३९ सालींच परतले, अटल त्यांच्यामागून आले, बसू १९४३ पर्यंत राहिले. कोटणीस तेथें चिनी भाषा बोलण्यास व लिहिण्यास शिकले, आणि १९४१ सालीं डॉ. बेथ्यून यांच्या नांवानें चालणाऱ्या शांति-रुग्णालयाचे संचालक झाले. तेथेंच क्वो छिंगलान या परिचारिकेशीं त्यांचा विवाह झाला. १९४२ च्या ऑगस्टमध्यें त्यांस मुलगा झाला आणि त्याच वर्षीं ९ डिसेंबर रोजीं, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षीं, ते वारले.

ते चीनमध्यें असतांनाच सोलापुरास त्यांच्या वडिलांचा मृत्यु झाला. ही बातमी कळूनही ते परतले नाहींत. त्यांच्या या निश्चयाचें कौतुक सर्वांनीं केलें आणि तें योग्यच होय. परंतु हाताशीं आलेला मुलगा दूर असतां घरावर असा प्रसंग येणें म्हणजे काय, हें शेतकरी कुटुंबास समजावून सांगण्याची गरज नाहीं. निधीच्या जमाखर्चांत जहाजाचें भाडें व औषधांची किंमत लिहितां येते; घरानें दिलेली वर्गणी कोणत्याच वहींत लिहिली जात नाहीं. ती मात्र सर्वांत मोठी असते.

म्हणून आज जो कोणी असें वर्ष काढूं इच्छील, त्यानें प्रथम घरचा हिशेब मांडावा. खरीप व रबी या दोन्ही हंगामांत त्याच्या वांट्याचें काम कोण करणार, गडी ठेवावा लागल्यास त्याची मजुरी कोठून येणार, सोसायटीच्या कर्जाचा हप्ता कोण भरणार, हें आईवडील व भावंडें यांच्यासमोर ठरवून मगच पुढें पाऊल टाकावें.

त्यानंतर प्रवासाचा हिशेब. परतीच्या भाड्याची रक्कम पहिल्यानें बाजूस काढावी व तिला हात लावूं नये. बियाणें ठेवल्यावांचून धान्य विकूं नये, तसेंच हें आहे. मग पारपत्र, प्रवेशपरवाना, वैद्यकीय तपासणी व विमा. आफ्रिका व दक्षिण अमेरिका या खंडांतील कांहीं देशांसाठीं पीतज्वराची लस टोंचून घ्यावी लागते. तिचा दाखला टोंचल्यापासून दहा दिवसांनीं ग्राह्य होतो, आणि २०१६ पासून तो जन्मभर चालतो.

सर्वच भार गांवावर पडतो असेंही नाहीं. संयुक्त राष्ट्रसंघाची स्वयंसेवक-योजना १९७० सालीं स्थापन झाली. तींत निवड झालेल्यांस निर्वाहभत्ता मिळतो. जर्मनींत २००८ पासून १८ ते २८ वर्षांच्या तरुणांसाठीं ‘वेल्टवेर्ट्स’ नांवाची योजना चालू आहे. खर्चाचा मोठा भाग तेथील सरकार सोसतें, तरीही धाडणाऱ्या अनेक संस्था तरुणास स्वतःच्या ओळखीच्या देणगीदारांचें एक मंडळ जमविण्यास सांगतात. सेवाकाळाच्या आधीं, मध्यें व नंतर मिळून किमान २५ दिवसांचें शिक्षणही देतात. २०१३ पासून आपल्यासारख्या देशांतील तरुणांस जर्मनींत सेवेसाठीं जाण्याचीही सोय या योजनेंत झाली आहे.

देणगीदारांचें मंडळ ही कल्पना आपल्या सहकारी संस्थांस सहज उचलतां येईल. गांवांतील पांच पंच नेमावे, पैसा जाणाराच्या हातीं न देतां बँकेंत निराळ्या खात्यांत ठेवावा, प्रत्येक वर्गणीची पावती द्यावी, आणि जमाखर्च चावडीवर लावावा. जाणारानें दर दोन महिन्यांस पत्र लिहून काम कळवावें व परत आल्यावर तें सभेंत सांगावें. शिल्लक राहील ती पुढच्या उमेदवारासाठीं राखावी.

एक सावधगिरीचा शब्द लिहिणें भाग आहे. सेवेच्या नांवानें मोठी फी मागून प्रवाशाच्या परवान्यावर मजुरीस धाडणारे दलालही आढळतात. धाडणाऱ्या संस्थेची नोंदणी, कामाचें ठिकाण व लेखी करार पाहिल्यावांचून एक रुपयाही देऊं नये.

कोटणीसांसारखा माणूस रोज निपजत नाहीं, आणि प्रत्येकानें तितका त्याग करावा अशी अपेक्षाही कोणी करूं नये. नीट तयारी करून जाणें, नेमलेलें वर्ष प्रामाणिकपणें पुरें करणें व शिकलेलें घेऊन आपल्या शिवारांत परतणें, एवढेंही पुष्कळ आहे. त्यासाठीं जाणाराच्या अंगीं उमेद लागते, तशीच धाडणाऱ्या गांवाच्या अंगीं हिशेबाची शिस्त लागते. ती आपल्या सभासदांस नवीन नाहीं.