जुन्या डेस्कटॉपची रॅम वाढवताना

जून उजाडला की वाशीम जिल्ह्यातल्या सेवा केंद्रांवर दाखल्यांची गर्दी सुरू होते. उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा, नॉन-क्रीमी लेयरचा. ती ओसरते न ओसरते तोच पीक विम्याचे अर्ज येतात, आणि सोयाबीनचा जिल्हा असल्यामुळे रिसोड असो की मानोरा, रांग दाराबाहेर जाते. या दिवसांत केंद्रचालकाच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: "थांबा भाऊ, सिस्टीम हँग झाली." टेबलाखाली दहा-बारा वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप असतो आणि दुकानदाराचा सल्ला असतो, नवीन घ्या. माझं सांगणं एवढंच, की नव्याचा खर्च करण्याआधी त्या जुन्या कॅबिनेटमधली रॅम एकदा नीट तपासा. अनेकदा तेवढ्यावर मशीन आणखी दोन-तीन वर्षं निघतं. मात्र तपासल्याशिवाय घेतलेली रॅम बऱ्याचदा वाया जाते, म्हणून आधी ती काय करते ते पाहू.

प्रोसेसर ज्या माहितीवर काम करतो ती त्याला रॅममध्येच आणून ठेवावी लागते. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एक ट्रान्झिस्टर आणि एक सूक्ष्म कपॅसिटर. ही रचना आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांची. तिचं पेटंट त्यांना १९६८ साली मिळालं आणि आजची रॅमही त्याच तत्त्वावर चालते. कपॅसिटरमधला विद्युतभार सतत गळत असतो, त्यामुळे साधारण दर ६४ मिलिसेकंदांत तो पुन्हा भरून घ्यावा लागतो. वीज गेली की हे भरणं थांबतं आणि रॅममधलं सगळं पुसलं जातं. लाईट गेल्यावर अर्धवट भरलेला अर्ज नाहीसा होतो तो यामुळेच. त्यावर उपाय यूपीएसची चांगली बॅटरी. रॅम कितीही वाढवली तरी तो प्रश्न सुटत नाही.

रॅम भरली की विंडोज सध्या न लागणारी माहिती हार्डडिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तेव्हा परत आणतं. काम बंद पडू नये म्हणून केलेली ही सोय आहे, पण तिची किंमत मोठी. रॅममधून माहिती मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. डेस्कटॉपमधली डिस्क मिनिटाला ७२०० फेऱ्या घेते, म्हणजे एका फेरीलाच ८ मिलिसेकंदांहून जास्त वेळ; त्यात वाचणारं टोक योग्य जागी सरकायचा वेळ धरला की माहिती हाती यायला १० मिलिसेकंदांच्या आसपास जातात. फरक झाला एक लाख पटीचा. रॅमला एक सेकंद लागतो असं मानलं तर डिस्कला सत्तावीस तासांहून जास्त लागतील. माऊस अडखळतो, कॅबिनेटमधून सतत कुरकुर ऐकू येते, आणि आपण म्हणतो सिस्टीम हँग झाली.

म्हणून निदान ऐन गर्दीत करायचं, सकाळी रिकामं मशीन चालू केल्यावर नाही. ब्राउझरच्या नेहमीच्या सगळ्या खिडक्या, स्कॅनर, प्रिंटर, बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राचं सॉफ्टवेअर, असं सगळं उघडं असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये मेमरी पाहा. मेमरी ८५-९० टक्क्यांवर गेलेली आणि डिस्कही १०० टक्क्यांना भिडलेली असेल तर रॅम कमी पडते आहे. मेमरी निम्मी रिकामी असून डिस्क मात्र १०० वर अडकली असेल, तर दोष डिस्कचा. तिथे रॅमऐवजी एसएसडी बसवा. आणि प्रोसेसरच १०० टक्के राबत असेल तर या दोन्हींचा फारसा उपयोग नाही. हे तीन आकडे न पाहता कोणी रॅम विकत असेल तर घेऊ नका.

विंडोज १० मध्ये याच पानावर आणखी एक कामाची माहिती असते: रॅम किती, तिचा वेग किती आणि किती स्लॉट वापरात आहेत. 'दोनपैकी एक' असं दिसलं तर एक जागा मोकळी आहे. विंडोज ७ वर हे दिसत नाही. तिथे सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर वापरा, त्यात मदरबोर्डचं नावही कळतं.

आता ती गोष्ट जिथे पैसे सर्वांत जास्त वाया जातात. सिस्टीमच्या माहितीत विंडोज ३२ बिट आहे की ६४ बिट, ते बघा. ३२ बिट विंडोज ४ जीबीच्या पुढची रॅम वापरूच शकत नाही, आणि त्या चारांतलीही प्रत्यक्षात तीन-साडेतीनच हाती लागते. तिथे ८ जीबी बसवली तरी बाकीची पडून राहील. आधी ६४ बिट विंडोज टाकावं लागेल, म्हणजे सगळ्या फायलींची प्रत बाहेर काढून मशीन नव्याने भरावं लागेल. एवढ्या खटाटोपाची तयारी नसेल तर चारवर थांबा.

यानंतर प्रकार. डीडीआर२, डीडीआर३ आणि डीडीआर४ एकमेकांच्या जागी बसत नाहीत. डीडीआर२ ला १.८ व्होल्ट लागतात, डीडीआर३ ला १.५, डीडीआर४ ला १.२. पहिल्या दोन्हींना २४० पिना असतात, त्यामुळे नुसतं पाहून फसायला होतं, पण खालच्या कडेची खाच वेगवेगळ्या जागी असते. डीडीआर४ ला २८८ पिना असतात. स्टिकरवर पीसी२, पीसी३ किंवा पीसी४ असं लिहिलेलं असतं, तीच ओळख. पीसी३एल असेल तर ती १.३५ व्होल्टवर चालणारी डीडीआर३, ती १.५ व्होल्टच्या बोर्डावरही चालते. लॅपटॉपची स्टिक जवळजवळ निम्म्या लांबीची असते, ती डेस्कटॉपला चालत नाही.

प्रत्येक बोर्डाची मर्यादाही ठरलेली असते. कोअर टू ड्युओच्या काळातला जी३१ चिपसेट ४ जीबीपर्यंतच जातो, जी४१ ८ जीबीपर्यंत. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या आय३, आय५ सोबतचा एच६१ आणि चौथ्या पिढीचा एच८१ या बोर्डांवर सहसा दोन स्लॉट असतात आणि १६ जीबी चालते. जी४१ ची एक खोड लक्षात ठेवा. त्याला ४ जीबीची डीडीआर३ स्टिक हवी असेल तर दोन्ही बाजूंना मिळून सोळा चिप असलेली लागते. आठच चिपची नवी स्टिक त्यावर चालत नाही. दुकानदार म्हणतो रॅम चांगली आहे, गिऱ्हाईक म्हणतं खराब आहे, आणि दोघंही आपल्या जागी बरोबर असतात. दुसरी फसगत ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या काही स्टिकची. त्या फक्त एएमडीच्या बोर्डावर चालतात, आणि ते वर्णनात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. तुमचा बोर्ड इंटेलचा असेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नका.

किती घ्यावी? सेवा केंद्राच्या किंवा घरच्या कामाला ८ जीबी पुरते. ४ जीबीची एक स्टिक आधीच असेल तर तशीच दुसरी जोडा. दोन सारख्या स्टिक असल्या की बोर्ड दोन्हींशी एकाच वेळी बोलतो, आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनला त्याचा चांगला फायदा होतो, कारण पडद्यावरच्या चित्रासाठीही रॅमचाच वाटा वापरला जातो. वेग वेगळे असले तर दोन्ही स्टिक कमी वेगाने चालतात. बिघडत काही नाही. जुनी डीडीआर३ वाशीमला मिळाली नाही तर अकोल्याच्या बाजारात बघावी. जुनी स्टिक नमुन्यादाखल सोबत न्या, आणि वापरलेली घेत असाल तर दुकानातच मशीनला लावून दाखवायला सांगा.

बसवणं हे यातलं सर्वांत सोपं काम. मशीन बंद करा, प्लग काढा, मग चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. मागचे दोन स्क्रू काढले की बाजूचा पत्रा सरकतो. विदर्भातल्या उन्हाळ्यानंतर आत धुळीचा थर असतोच. ब्लोअरने उडवताना पंखा बोटाने धरून ठेवा. कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते आणि तिच्या एका ठिणगीने चिप जाऊ शकते, म्हणून स्टिक हाती घेण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या लोखंडाला हात लावा. कॅबिनेट आडवं ठेवा, स्लॉटच्या कडेचे चाप बाहेर लोटा, स्टिकची खाच स्लॉटमधल्या उंचवट्यावर आणा आणि दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी सरळ दाब द्या. चाप आपोआप मिटून 'टक्' आवाज आला पाहिजे. दाब बराच लागतो. पण खाच जुळत नसेल तर जोर लावू नका, प्रकार चुकला आहे. स्टिक हातात घेताना कडा धरा, खालच्या सोनेरी पट्ट्यांना बोटं लावू नका.

चालू केल्यावर पडदा काळा आणि बीप-बीप आवाज, असं झालं तर घाबरून जायचं कारण नाही. दहापैकी आठ वेळा स्टिक नीट बसलेली नसते. प्लग काढून पुन्हा बसवा. तरी तेच झालं तर एकेक स्टिक लावून पाहा, स्लॉट बदलून पाहा. जुन्या स्टिकच्या पट्ट्या काळवंडल्या असतील तर पांढऱ्या मऊ खोडरबरने हलकेच पुसून चुरा झटकून टाका. आपल्याकडचा प्रत्येक दुरुस्तीवाला हे करतो आणि ते योग्यच आहे. खरखरीत शाईचं रबर मात्र वापरू नका, सोन्याचा मुलामा निघून जातो. मशीन सुरू झालं की विंडोज मेमरी डायग्नोस्टिक एकदा पूर्ण चालू द्या. खराब रॅम लगेच बंद पडत नाही, फायली बिघडवत राहते, आणि ते कळेपर्यंत महिना गेलेला असतो.

एक मर्यादा मात्र रॅमने ओलांडता येत नाही. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरवर चालतं. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या मशीनवर लोकांचे आधार क्रमांक आणि बँकेचे तपशील हाताळायचे असतील तर ते मशीन केंद्रासाठी यापुढे योग्य नाही, रॅम कितीही असो. तेच मशीन ८ जीबी रॅम आणि लिनक्स मिंट घालून विद्यार्थ्याच्या टंकलेखनाला, शाळेच्या प्रयोगशाळेला अजून कितीतरी काळ उत्तम चालेल. मिंटची शिफारसच ४ जीबीची आहे.

आणि रॅम बदलताना निघालेली चालू स्टिक ड्रॉवरमध्ये गंजत ठेवू नका. तिच्यावर प्रकार आणि जीबी लिहून कागदात गुंडाळा आणि जवळच्या जिल्हा परिषद शाळेत विचारा, त्यांच्या एखाद्या मशीनला ती चालते का.