अडीचशे ग्रॅमच्या आतील विमाने

शाळेच्या पटांगणावर हातभर पंखांचे विमान घोंघावू लागले की बघ्यांची गर्दी जमते आणि मुख्याध्यापकांपुढे वा सरपंचांपुढे प्रश्न उभा राहतो : यास अनुमती द्यावी की मनाई करावी ? उत्तर देण्यापूर्वी हे यंत्र कसे चालते व त्यापासून धोका कितपत आहे, हे जाणून घेणे इष्ट ठरेल.

रेडिओ लहरींनी प्रतिकृती विमान चालविण्याचा छंद नवा नाही. अमेरिकेतील वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या बंधूंनी १९३७ साली ‘गफ’ नावाचे असे विमान यशस्वीपणे उडविले. ते आज स्मिथ्सोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे. त्याचा पंखविस्तार माणसाच्या उंचीहून अधिक होता. पुढेही अनेक वर्षे हा छंद खर्चिकच राहिला. शिवाय एकाच कंप्रतेवर दोघांनी प्रेषक सुरू केले की विमान हमखास कोसळे. आजच्या २.४ गिगाहर्ट्झच्या संचात प्रत्येक ग्राही केवळ आपल्याच प्रेषकाचा संदेश ओळखतो, त्यामुळे ती अडचण उरलेली नाही.

छंद स्वस्त झाला तो मुख्यतः विमान हलके झाल्यामुळे. लिथियम-पॉलिमर बॅटरी, बोटाच्या पेराएवढी मोटर आणि फोमचे अंग यांमुळे संपूर्ण विमान पन्नास-साठ ग्रॅमांतही बसते. येथे भूमितीही मदतीस येते. विमानाचे प्रत्येक माप निम्मे केले तर पंखांचे क्षेत्रफळ चौथ्या हिश्श्यावर येते, वजन मात्र आठव्या हिश्श्यावर. पंखाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवरील भार अशा रीतीने निम्मा होतो आणि विमान संथ गतीनेही हवेत तरंगू शकते. हलके आणि संथ विमान आपटले तरी फारसे मोडत नाही. नवशिक्याच्या खिशाला हीच गोष्ट परवडते.

उड्डाणाचे शास्त्र मात्र मोठ्या विमानाचेच आहे. शेपटीची आडवी झडप नाक वर-खाली करते, उभे सुकाणू दिशा बदलते. नाक अवाजवी वर उचलले की पंखावरील हवेचा प्रवाह तुटतो आणि विमान खाली येते. नवशिक्यांची बहुतेक विमाने अशीच पडतात. दुसरी अडचण डोळ्यांची आहे. विमान चालकाकडे तोंड करून येऊ लागले की त्याचे डावे-उजवे चालकाच्या डाव्या-उजव्याच्या उलट होते. काही संचांतील लहानसे जायरो यंत्र विमान सावरून धरते, परंतु ही उलटापालट सवयीनेच अंगवळणी पडते. भौतिकशास्त्राच्या शिक्षकास याहून जिवंत प्रात्यक्षिक क्वचितच लाभेल.

एक विमान हाती आले की दुसऱ्याची ओढ लागते. अनेक प्रेषकांत निरनिराळ्या विमानांच्या नोंदी साठविता येतात. ग्राही त्याच पद्धतीचे असल्यास एका प्रेषकावर अख्खा संग्रह चालतो. एकाच भिंतीवर सेस्नाशेजारी स्पिटफायर टांगलेले दिसते ते त्यामुळेच. संग्राहकाची खरी कसोटी बॅटरीत आहे. ती पूर्ण भारित वा पूर्ण रिकामी ठेवू नये, सुमारे ३.८ व्होल्टवर ठेवावी. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये आणि भारण चालू असता तेथून हलू नये. या बॅटऱ्या पेट घेऊ शकतात आणि ती आग लवकर आटोक्यात येत नाही.

अशा विमानाचा मोठा शत्रू वारा. दख्खनच्या पठारावर हिवाळ्यातील सकाळ त्यास उत्तम. दुपारी तापलेल्या जमिनीवरून उठणारी वावटळ त्यास शिवारापार नेते. कोकण किनाऱ्यावर दुपारच्या खाऱ्या वाऱ्यापूर्वीच उड्डाण आटोपावे लागते.

आता नियमांविषयी. ड्रोन नियम, २०२१ अन्वये २५० ग्रॅमपर्यंतची मानवरहित विमाने ‘नॅनो’ वर्गात मोडतात व ती चालविण्यास दूरस्थ वैमानिकाचा परवाना लागत नाही. परवाना नाही म्हणजे बंधन नाही, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. याच नियमांनुसार हवाई क्षेत्राचे हिरवे, पिवळे व तांबडे असे विभाग नकाशावर दर्शविलेले असतात. हिरव्या विभागाची मर्यादा सर्वसाधारणपणे १२० मीटर उंचीची. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती ६० मीटर आहे. पिवळ्या व तांबड्या विभागांत पूर्वपरवानगीवाचून उड्डाण करता येत नाही. राज्य शासनास वा कायदा-सुव्यवस्था यंत्रणेस एखादे क्षेत्र ९६ तासांपर्यंत तात्पुरते तांबडे घोषित करता येते. यात्रा-जत्रांच्या गावांनी हे विशेष ध्यानी घ्यावे.

पटांगण निवडताना वस्ती, रस्ता आणि गुरांची वाट टाळावी, तसेच विजेच्या तारा कोठून जातात तेही पाहावे. तारेत अडकलेले विमान काठीने काढण्याचा मोह मुलांना हमखास होतो. ते तसेच राहू द्यावे आणि महावितरणच्या कर्मचाऱ्यास कळवावे.