तेल खातो, पण खत द्या!

तेल खाणारे जीवाणू? हो, खरंच असतात! २४ मार्च १९८९ रोजी अलास्काजवळ 'एक्झॉन वाल्डीझ' जहाज खडकावर आदळलं आणि सुमारे ४ कोटी लिटर कच्चं तेल समुद्रात सांडलं. असे जीवाणू तिथे आधीपासूनच होते. पण वाढायला नायट्रोजन, फॉस्फरस कमी पडत होतं. मग किनाऱ्यावर चक्क खत फवारलं! तेल फस्त करण्याचा वेग वाढला. तरी दगडगोट्यांखाली, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथलं काही तेल वर्षानुवर्षं तसंच राहिलं.

आपल्या ओल्या कचऱ्याचंही सेम! प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधला, तर हवा मिळत नाही. मग खत कसलं, नुसती दुर्गंधी. जीवाणू फुकट राबतील, पण ओला-सुका कचरा वेगळा आपणच करायला हवा ना?