फळे पाकात टाकण्यापूर्वी गोठवावीत का?



मागील गटसभेत आम्ही बेणे प्रक्रियेवर बोलत असता एका भगिनीने विचारले, "साहेब, आवळे डीप फ्रीजमध्ये गोठवून कँडी केली, झकास झाली. त्याच रीतीनं चिकूच्या फोडी केल्या, तर चार किलो मालाचा लगदा झाला. चुकलं कुठं?" हा विषय ऊस विकास खात्याचा नव्हे, पण साखर आपलीच, तेव्हा उत्तर देणे भाग आहे.

कैरीला मीठ लावले की पाणी सुटते. दाट पाकातही तेच घडते. फळातील प्रत्येक पेशीला पातळ पडदा असतो. तो पाणी बाहेर सोडतो, साखरेला मात्र सहजासहजी आत घेत नाही. म्हणून ताज्या फोडींतले पाणी बरेच निघते, गोडी बेताचीच चढते, आणि पुढे वाळवण लवकर होते.

गोठविले की हा पडदाच फाटतो. पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे ९ टक्के फुगते. त्यातून घरच्या फ्रीजमध्ये गोठणे सावकाश, त्यामुळे बर्फाचे कण मोठे होतात व पेशी फोडतात. गाळपापूर्वी आपण उसाचा भुगा करतो ना, तसलाच प्रकार! बर्फ वितळला की रस गळतो, फळ मऊ पडते आणि साखर मोकळ्या वाटेने आत शिरते.

आवळ्याला हेच हवे असते. एरवी काट्याने टोचत बसावे लागते, ते काम बर्फ करतो, पाकळ्याही सुटतात. चिकू मुळातच मऊ. पेशी फुटल्यावर त्यात उभे राहायला काही उरत नाही, फोडी साखर पितात, चिकट होतात व वाळता वाळत नाहीत. चिकू घट्टसर पिकलेला घ्यावा आणि न गोठविता पाकात टाकावा.

आवळ्याचा गळालेला रस फेकू नये, त्यात क जीवनसत्त्व असते. तो पाकातच ओतावा. मात्र त्याने पाक पातळ होतो व आंबू लागतो, म्हणून रोज थोडी साखर वाढवून तो ७० ब्रिक्सपर्यंत न्यावा. यासाठी आमचा उसाचा ब्रिक्समीटर मागू नये, तो ३२ च्या पुढे दाखवीत नाही! जास्त ब्रिक्सचा वेगळा मिळतो, गटाने मिळून एक घेतला तरी पुरे.