विमानाआधी एक्स-रे

नागपुरातल्या गांधीबागेच्या कापडबाजारात ज्यांची उठबस आहे, त्यांना कोल्हापूरजवळच्या गांधीनगरचे नाव नवे नसावे. घाऊक कापडाची तीही मोठी पेठ. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथे पोचले, तेव्हा राहायला बराकी तयारच होत्या. त्या आधीच्या निर्वासितांच्या होत्या, आणि ते होते मूळचे पोलंडचे.

1943 ते 1948 या काळात या बराकींच्या, म्हणजे वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश माणसे राहिली. त्यांत बायका-मुलेच जास्त. स्टालिनच्या राजवटीने 1940-41 मध्ये त्यांना घरातून उचलून सायबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकले होते. 1941 मध्ये सुटका झाली आणि 1942 मध्ये कास्पियन समुद्र ओलांडून ती इराणच्या पहलवी बंदरात उतरली. तिथे पहिली गाठ पडली कात्रीशी. टायफस उवांवाटे पसरतो, म्हणून डोकी भादरली, अंगावरचे कपडे जाळले, आंघोळी घातल्या. निरोगी आणि संशयित यांचे तळही वेगळे केले. बायकांना हे मेल्याहून मेल्यासारखे झाले असेल. पण टायफस, हगवण आणि हिवतापाने वाटेत हजारो पोलिश माणसे दगावली होती. दुसरा इलाज नव्हता.

वळिवड्याला मात्र त्यांना माणसासारखे जगता आले. शाळा, चर्च, नाट्यगृह आणि छावणीचे स्वतःचे रुग्णालयही होते. नाजूक प्रकृतीच्या मुलांना आणि रुग्णांना पाचगणीच्या हवेत ठेवत. युद्ध संपले, पण यांच्यातल्या पुष्कळांची गावे आता सोव्हिएत हद्दीत गेली होती. परतायचे कुठे? काही जण मायदेशी गेले, बाकीचे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, पूर्व आफ्रिका अशा वाटांना लागले.

त्या काळी निर्वासित घेणाऱ्या देशांना हवे होते धडधाकट मजूर. छातीत क्षयाचा डाग दिसला की नकार, आणि एकाच्या नकाराने सगळे घर अडकायचे. युरोपच्या छावण्यांत अशी कुटुंबे युद्धानंतर दहा-पंधरा वर्षे पडून होती. अखेर 1959-60 च्या जागतिक निर्वासित वर्षात कॅनडाने तीनशेहून अधिक क्षयरुग्णांना कुटुंबांसकट नेले. त्यांच्यावर उपचार तिकडेच केले. म्हणजे करायचे ठरवले तर जमत होते.

आज निर्वासितांच्या प्रवासापूर्वीच्या आरोग्य-तपासणीचे काम मुख्यतः आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना, म्हणजे आयओएम, करते. आजारांचा इतिहास विचारतात, अंग तपासतात, रक्त घेतात, लसी देतात. सगळ्यांत मोठा कटाक्ष अजूनही क्षयरोगावर. अमेरिकेच्या नियमानुसार 15 वर्षे आणि त्यावरच्या प्रत्येकाच्या छातीचा एक्स-रे निघतो. त्यात काही संशयास्पद दिसले, की तीन दिवस थुंकीचे नमुने. क्षयाचा जंतू फार सावकाश वाढतो, त्यामुळे नमुन्यात जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीचा, म्हणजे कल्चरचा, अहवाल यायला आठ आठवडेही लागतात. रोग निघालाच, तर कर्मचाऱ्याच्या डोळ्यांदेखत रोज गोळ्या घ्यायच्या. महिनोन्‌महिने, कोर्स संपेपर्यंत. एचआयव्ही असलेल्यांवरची प्रवेशबंदी अमेरिकेने उठवली ती थेट 2010 मध्ये.

नेपाळच्या झापा आणि मोरंग जिल्ह्यांतल्या छावण्यांत अडकलेल्या भूतानी निर्वासितांनी ही सगळी प्रक्रिया अनुभवली. 2008 पासून त्यांच्यातले एक लाखाहून अधिक लोक परदेशी गेले, बहुतेक अमेरिकेत. एखाद्याला क्षय निघाला तर आधी नेपाळातच उपचार व्हायचे आणि मग प्रवास. विमान लांबायचे खरे, पण माणूस बरा होऊनच चढायचा. घेणाऱ्या देशाची काळजीही मिटली आणि रुग्णाचीही. कोणत्याही तपासणीची कसोटी हीच असायला हवी: दोष सापडल्यावर औषध मिळते की नुसता नकाराचा शिक्का?

एक अडचण मात्र औषधाने सुटत नाही. या अहवालांना मुदत असते, साधारण सहा महिन्यांची. क्षयाच्या संशयितांना त्याहून कमी. सुरक्षा-चौकशी, मुलाखत, तिकीट यांतले एक काही रेंगाळले, की एक्स-रे पुन्हा. 20 जानेवारी 2025 रोजी अमेरिकेने निर्वासितांचा प्रवेश स्थगित करण्याचा आदेश काढला. सर्व तपासण्या पार करून विमानाची वाट पाहणाऱ्या हजारो लोकांचे प्रवास त्यामुळे रद्द झाले.